स्त्रीबीजाची खूण

पहिल्या भेटीत मॅडमनी मला नाव विचारलं नाही. मी दारात उभी राहिले, तशी त्यांनी मान पुढे काढून माझा वास घेतला.

"मोगरा," त्या म्हणाल्या, "आणि डोक्याला कसलंतरी जाईचं तेल. बाहेर जा. गजरा त्या खिळ्याला लाव, घरी जाऊन नुसत्या पाण्यानं केस धू आणि उद्या ये. मग बघू."

मी मूळची वाईची, लग्न होऊन सांगलीला आलेली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये चार वर्षं काढलेली. मुलाखत आहे म्हणून सासूबाईंनी हौसेनं गजरा माळला होता. दाराबाहेरच्या खिळ्याला आधीच दोन गजरे लटकत होते, त्यातला एक पार वाळलेला. म्हणजे आपल्याआधी आणखी कोणीतरी असंच परत गेलंय, एवढं समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुला थांबता येतं का?"

"हो. सहापर्यंत थांबू शकते. कधी जास्त काम असलं तर सातसुद्धा."

त्या हसल्या. "तसं नव्हे गं. काही न करता थांबता येतं का? हात मांडीवर ठेवून?"

मी "शिकेन" म्हणाले आणि नोकरी लागली.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सांगलीत टेस्ट ट्यूब बेबी ही पेपरात वाचायची गोष्ट होती. आमच्या डॉक्टरसाहेबांचं प्रसूतिगृह चांगलं चालायचं, त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत हे नवं काम सुरू केलं आणि लॅब सांभाळायला मॅडमना आणलं. मॅडम माणसांच्या डॉक्टर नव्हत्या. त्यांची पीएच.डी. शेळीच्या स्त्रीबीजावर. नर्सेस मागून त्यांना 'शेळीवाल्या मॅडम' म्हणायच्या. हे त्यांना ठाऊक होतं. खालून फोन आला की त्या स्वतःच म्हणायच्या, "हां, शेळीवाली बोलतेय."

उंच, सावळ्या, घोट्याच्या वर नेसलेली सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. चहा बशीत ओतायच्या आणि त्यात थर्मामीटर धरायच्या. पारा सदतिसावर आला की प्यायच्या. "बीजाला जे चालतं ते मला चालतं," म्हणायच्या. वासाबद्दल त्या इतक्या कडक का, हे मी एकदा विचारलं. हवेत जे तरंगतं ते बीज ठेवलेल्या बशीतल्या पाण्यात उतरतं आणि त्याला बाधतं, असं त्यांनी समजावलं आणि पुढे म्हणाल्या, "बीजाला नाक नाही. त्याच्या वतीनं वास मी घेते." खुद्द डॉक्टरसाहेबांना त्यांनी एकदा दाढीनंतरच्या अत्तरासाठी परत पाठवलं होतं. साहेब मुकाट्यानं तोंड धुऊन आले.

कोरेगावजवळच्या एका गावात त्यांचं माहेर. वडील शाळामास्तर, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्या घरात कुठल्याच गोष्टीला विटाळ नव्हता, असं त्या सांगत. एरवी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण फार राग आला किंवा फार माया दाटली की एकदम कोरेगावची बोली यायची. त्या दोन्हींतलं नेमकं काय आलंय, ते तोंडाकडे बघून ओळखावं लागे.

आठवड्यातून तीनदा सकाळी लवकर लुना काढून, पिशवीत थर्मास घालून त्या मिरजेच्या कत्तलखान्यात जायच्या. शेळ्यांचे बीजकोश कोमट मिठाच्या पाण्यात घालून आणायच्या. माणसाच्या बीजाला हात लावायच्या आधी माझा हात त्यावर बसवायचा होता. तिथले हमीदचाचा त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. सुरुवातीला लोकांना करणीबिरणीचा संशय आला होता, तो चाचांनीच मोडून काढला म्हणे. पण एक दिवस त्यांनीही विचारलं, "मॅडम, राग नका मानू. बकरीच्या ह्या दान्यावरनं बाईला लेकरू कसं व्हनार?"

मॅडम तिथंच उकिडव्या बसल्या आणि बोट पाण्यात बुडवून फरशीवर चित्र काढत अर्धा तास सांगत राहिल्या. फरशी वाळायची, त्या पुन्हा काढायच्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी चाचा म्हणाले, "म्हंजी ह्यात आमचा पन हात लागला म्हना की."

"पहिला हात तुमचाच," मॅडम म्हणाल्या. पुढे शेळ्यांवरचा त्यांचा एक लेख छापून आला, तेव्हा आभाराच्या ओळीत चाचांचं नाव होतं. चाचांनी तेवढं पान लॅमिनेट करून दुकानात टांगलं.

आता त्या खुणेबद्दल सांगते, कारण मॅडमचं सगळं आयुष्य तिच्याभोवतीच फिरत होतं.

स्त्रीबीज डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढं दिसतं. त्याच्याभोवती पेशींचा एक ढग असतो. बीज कच्चं असलं की ढग गाठीसारखा घट्ट, पिकलं की सुटा आणि भेंडीच्या तारेसारखा चिकट. पण ढग कधीकधी फसवतो. बीज खरोखर पिकलं की ते कडेला एक बारीकसा गोळा बाहेर टाकतं. ती खात्रीची खूण, पण ती ढगाखाली दडलेली. दुसऱ्या दिवशी ढग निघाल्यावर ती दिसायची, आणि तोवर त्या बाईची त्या महिन्याची संधी गेलेली असायची. कच्च्या बीजाला पुरुषबीज भेटवून काही उपयोग नसतो.

"ढग काहीतरी बोलत असणार," मॅडम म्हणायच्या. "ह्याच पेशी बीजाला भरवतात. लेकरू मोठं झालं की आईचा स्वयंपाक बदलतो. ह्यांचाही बदलत असणार." म्हणजे, बीज पिकलं की भोवतालच्या पेशी एखादं वेगळं प्रथिन तयार करत असणार. ढगाचा जो तुकडा आम्ही कापून टाकून देतो, त्यातच ते सापडलं, तर बीजाला धक्का न लावता ते पिकलंय की नाही हे त्याच दिवशी कळेल.

त्यासाठी आम्ही काचेच्या दोन तावदानांमध्ये जेलीचा पातळ थर ओतायचो. वरच्या कडेला ओळीनं छोटी घरं. प्रत्येक घरात एकेका तुकड्याचा रस. वीज सोडली की प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे खाली सरकायची, आणि निळ्या रंगात बुडवलं की रेषा उमटायच्या. मध्येच वीज गेली की सगळं मुसळ केरात. मग मॅडम हात मांडीवर ठेवून बसायच्या. मीही.

दोन वर्षांनी रेषा सापडली. एखाददुसरं घर सोडलं तर पिकलेल्या बीजांच्या घरांत ती होती, कच्च्यांच्या घरांत नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या दिवशी मॅडमनी चहात थर्मामीटर घातला नाही. तसाच प्यायल्या आणि जीभ पोळून घेतली.

डॉक्टरसाहेबांना कोण आनंद झाला! साताऱ्याला डॉक्टरांची सभा ठरली, त्यात मॅडमचं भाषण, निमंत्रणं छापून गेली. मॅडम म्हणत होत्या की अजून कुठल्या पेशंटला यावरून काही सांगायचं नाही. पण साहेबांना दम निघेना. त्याच सुमारास म्हसवडची सुमन आमच्याकडे आली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, सातवी शिकलेली, नवरा जीपवर ड्रायव्हर. तिची चार बीजं मिळाली, चारही कच्ची निघाली आणि एकाच्याही ढगात रेषा नव्हती. साहेबांनी अहवाल लिहिला, की हिच्या बीजांत पक्वतेची खूणच नाही, स्वतःच्या बीजापासून मूल होणं शक्य नाही. लॅबची सही म्हणून कागद मॅडमकडे आला. दोन दिवस त्यांनी तो टेबलावर तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली.

का केली, असं मी पुढे विचारलं होतं. "माझा त्या रेषेवर विश्वास बसला होता," त्या म्हणाल्या. "आपल्याला सापडलेल्या गोष्टीवर फार लवकर विश्वास बसतो."

सभेला दहा दिवस होते. साताऱ्यात दाखवायला एक स्वच्छ फोटो हवा होता. मॅडम वडिलांना बघायला कोरेगावला गेल्या आणि जाताना मला सांगून गेल्या, "शेवटची दोन-तीन घरं मोकळी ठेव. आपण आपलं म्हणून जे जे वापरतो ते त्यात घाल. पाणी, रंग, सगळं. म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल."

मी प्रामाणिकपणे जे जे वापरत होते ते घातलं. त्यात एक छोटी बाटली होती. पिकलेल्या बीजाचा ढग फार चिकट. कापलेला तुकडा सुईला चिकटून बसायचा, तार सुटायची नाही, नमुना वाया जायचा. म्हणून मी पहिल्यापासून त्या तुकड्यावर ढग विरघळवणाऱ्या एन्झाइमचा एक थेंब टाकायचे. बीजाला नाही, फक्त कापलेल्या तुकड्याला. कच्च्याचा तुकडा घट्ट, सुईनं नीट सुटायचा, त्याला थेंब लागायचा नाही. ही माझी कामातली छोटीशी युक्ती होती. वहीत लिहिण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

दुपारी जेली रंगातून बाहेर काढली. बाटलीच्या घरात निळी रेषा होती. त्याच जागी.

मी स्टुलावर बसले. दोन वर्षं खपून सापडलेल्या ज्या खुणेला आम्ही नाचवत होतो ती बीजाची नव्हती. ती माझ्या बाटलीतली होती. निमंत्रणं गेलेली, साहेब खुशीत, मॅडम पहिल्यांदाच नवीन साडी घेणार म्हणत होत्या. ती जेली मी मोरीत टाकली असती तर जगात कोणाला कळलं नसतं, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू, चांगला दोन दिवस होता. जेली ओल्या कागदात गुंडाळून मी कपाटात ठेवली आणि घरी पोळ्या करपवत राहिले.

मॅडम आल्या त्या सकाळी मी ती त्यांच्यासमोर धरली. "मॅडम, ती रेषा आपली आहे."

"आपली म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी जेली खिडकीकडे धरली.

"थेंब कधीपासून घालतेस?"

"पहिल्यापासून."

"फक्त पिकलेल्यालाच?"

"हो. कच्चं सुईनं सुटतं."

"म्हणजे दोन वर्षं आपण तुझा हात मोजत होतो," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मला रडू फुटलं. तेव्हा त्यांच्या तोंडून कोरेगाव आलं. "रडतीस कशाला गं? न्हाई सांगितलं असतंस तर सातारला जाऊन मी खोटं बोलून आले असते. तेबी खरं समजून. त्ये लय वाईट." मग डोळे पुसून, आपले, माझे नव्हे, पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "चूक माझी आहे. काय निघालं ते मी रोज बघितलं. तू काय करतेस ते एक दिवसही बघितलं नाही."

डॉक्टरसाहेबांनी सुचवलं की तब्येत बरी नाही असं कळवा, नाहीतर दुसऱ्या विषयावर बोला. मॅडम जुन्याच साडीत साताऱ्याला गेल्या, मला बरोबर घेऊन. कऱ्हाड, फलटण, कोरेगाव, कुठून कुठून डॉक्टर आले होते. मॅडमनी पडद्यावर दोन फोटो दाखवले, आधीचा आणि बाटलीचा, आणि म्हणाल्या, "ही खूण स्त्रीबीजाची नाही, आमच्या हाताची आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. 'आमच्या' म्हणाल्या.

सभागृहात कोणीतरी हसलं. वाईचे एक म्हातारे डॉक्टर उठले. "मग बाई, आम्ही एवढ्या लांबून काय ऐकायला आलो?"

"हेच," मॅडम म्हणाल्या. "चूक कशी सापडली ते. बरोबर काय ते अजून मला माहीत नाही."

जेवणाच्या रांगेत आमच्या पुढे-मागे जागा मोकळी राहिली. डॉक्टरसाहेब तर गाडीत बसून राहिले. पण ते वाईचे म्हातारे ताट घेऊन आमच्याकडे आले, आणि कुठलं एन्झाइम, किती थेंब, असं विचारत त्यांचं श्रीखंड पातळ होईपर्यंत उभे राहिले. जाताना म्हणाले, "चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. माझ्या बाटल्या मी कधी तपासल्या नाहीत."

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. खरं काय ते त्यांना पटलं होतं, पण दवाखान्याचं नाव त्यांना जपायचं होतं. पुढे वर्ष-दीड वर्ष दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत, आणि मग मॅडम एका पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवायला निघून गेल्या. मला पत्रं यायची. त्या खुणेच्या मागेच होत्या. एका पत्रात होतं, "अजून सापडली नाही. पण ती कुठे कुठे नाही, हे आता बरंच कळलंय. इथे ढगावर थेंब टाकणाऱ्या मुलीला मी सगळं वहीत लिहायला लावते. ती मला कंटाळली आहे." पुढे दवाखान्यात नवं यंत्र आलं, ढग आधीच काढून बीज बघता येऊ लागलं. आमच्या लॅबमध्ये आजही नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी वही देते, आणि तिच्यामागे दिवसभर उभी राहून ती काय करते ते बघते. मुली वैतागतात.

मॅडम जायच्या आधी सुमनचा आणखी एक प्रयत्न झाला. इंजेक्शनांची वेळ बदलली, दोन बीजं पिकली, एक गर्भ तयार झाला. पण तो रुजला नाही. मॅडम त्या दिवशी सुमनच्या कॉटशेजारी बसून होत्या.

पण त्या प्रयत्नासाठी सुमन परत आली कशी, ते सांगायचं राहिलं. साताऱ्याहून आल्यावर मॅडमनी साहेबांना विचारलं होतं, "सुमनच्या अहवालाचं काय?" साहेब म्हणाले, "पत्र पाठवू." आठवडा गेला, पत्र गेलं नाही. मग एका रविवारी मॅडम मला घेऊन सकाळच्या एसटीत बसल्या. विट्याला गाडी बदलून आम्ही म्हसवडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सिद्धनाथाच्या देवळापासून आत गेलेल्या गल्लीत घर विचारत गेलो.

ओसरीवर सासू लोकर पिंजत बसली होती. नवरा जीपचा टायर काढून अंगणात. सुमन आतल्या दारात, पदर डोक्यावर. सासूनं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं, पण आवाजात गोडवा नव्हता. "आवं बाई, आता काय ऱ्हायलंय? तुमीच लिवून दिलंय न्हवं, हिच्यात कायबी न्हाई म्हनून. आमी दहिवडीचं स्थळ बघितलंय. पोरगी गरिबाची हाय, पन निरोगी हाय."

मॅडम ओसरीच्या पायरीवर बसल्या. "ते मी चुकीचं लिहिलं होतं."

"म्हंजी?"

"आमची तपासणीच चुकली. त्या दिवशी हिची बीजं कच्ची होती, एवढंच खरं. पुढे पिकणार नाहीत हे आम्हाला कळलं नव्हतं, तरी आम्ही लिहिलं. मूल होईल असंही मी सांगत नाही. ते मला माहीत नाही. पण हिच्यात खोट आहे, हे खोटं आहे."

सासूच्या हातातली लोकर तशीच राहिली. "आवं, डाक्टर कवा चुकलो म्हनत्यात व्हय? तुमाला कुनी धाडलं? हिच्या भावानं?"

"मला कोणी पाठवलं नाही. सही माझी होती, म्हणून मी आले."

नवरा पाना हातात घेऊन उभा. सुमन आत गेली, तेव्हा मला वाटलं ती रडायला गेली. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. ती बाहेर आली ती दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तो अहवाल घेऊन. आमच्या दवाखान्यात महिनाभर येत होती, पण तिचा आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता.

"त्वांडी नगं," ती मॅडमना म्हणाली. "ह्याच्यावरच लिवून द्या. मराठीत."

मॅडमनी कागद मांडीवर घेतला आणि टाइप केलेल्या मजकुरावरून आडवं, मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. सुमननं तो घेतला आणि बोट ठेवून वाचला. "हा अहवाल चुकीचा आहे. सुमनच्या शरीरात दोष आहे असं आमच्या तपासणीवरून म्हणता येत नाही. चूक माझी आहे."

"कळलं, कळलं," सासू म्हणाली. "हळू वाच की. गल्ली ऐकती."

नवऱ्यानं पाना खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, "दहिवडीला निरोप धाड. आमी येत न्हाई म्हनून."

सुमन ओसरी उतरली, अंगण ओलांडून रस्त्याकडच्या दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या घरची बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, शेजारची नळावर होती. सुमननं पदर खोचला, कागद दोन्ही हातांनी धरला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं.